'त्याचा' नव्हे, 'त्यांचा'

(सोलापुरात ख्रिस्ती उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांतल्या, संध्याकाळच्या व्याख्यानांत एका निवृत्त सिस्टरनी, म्हणजे नर्सनी, केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवून थोडं नीटनेटकं केलं आहे.)

पाळकसाहेब, महिला मंडळातल्या भगिनींनो, आणि चर्चशी संबंध नसतानाही शेजारधर्म म्हणून एवढ्या उन्हातून आलेल्या सगळ्यांना सलाम आणि नमस्कार.

फळ्यावर विषय लिहिलाय, 'ख्रिस्ती विश्वास आणि आत्मिक आरोग्य'. हा विषय मीच दिला होता आणि त्याचे चार मुद्देही लिहून दिले होते. चारही सांगणार आहे. पण त्याआधी एक शब्द मला नीट हातात घेऊ द्या. तो शब्द म्हणजे 'बरं'.

चौतीस वर्षं मी वॉर्डात काढली. सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड असतो. डॉक्टर खाटेजवळ येतात, विचारतात, 'काय आजोबा, कसं वाटतंय?' आजोबा म्हणतात, 'बरंय की साहेब.' साहेब कागदावर दोन ओळी लिहून पुढच्या खाटेकडे वळले, की आजोबा माझी बाही ओढणार. 'सिस्टर, रातभर डोळ्याला डोळा न्हाई. पोटात कळ येतीय. पाय तर दगडासारखं झालंय.' (हशा) एवढे हसताय म्हणजे तुमच्यातले बरेच जण त्या खाटेवर झोपून आलेत. मी विचारायची, 'अहो, मग साहेबांना का नाही सांगितलं?' तर म्हणायचे, 'एवढा मोठा माणूस दोन मिन्टं आला, त्याला काय आपलं रडगाणं सांगायचं!'

देवासमोर आपण हेच करतो. रविवारी उपासना सुटली, दारात पाळकसाहेबांनी हात हातात घेतला, 'कसं चाललंय?' 'बरंय, प्रभूची कृपा.' घरी येऊन गुडघे टेकले, तरी तेच. प्रभू, तुझे उपकार, सगळं बरं आहे. दुखणं मात्र पोटातल्या पोटात. ते आपण जावेला सांगतो, शेजारणीला सांगतो. ज्याला सांगायचं त्यालाच तेवढं सांगत नाही.

आता 'बरं वाटणं' आणि 'बरं होणं'. हा फरक प्रत्येक नर्सला जीव तोडून सांगावा लागतो. तापाची गोळी घेतली, ताप उतरला, बरं वाटलं. जंतू आहेत तिथेच आहेत. पाच दिवसांचा डोस दिलेला असतो, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून पेशंट गोळ्या बंद करतो आणि आठवड्याने पुन्हा आमच्याच दारात, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. आत्म्याचंही असंच होतं. एखाद्या संध्याकाळी सभा होते, गीतं होतात, डोळे भरून येतात, छाती हलकी होते. बरं वाटतं. त्या बरं वाटण्याला मी मुळीच नावं ठेवत नाही. ताप उतरलाच पाहिजे, नाहीतर माणूस भाकरी खाणार कशी? पण सोमवारी सकाळी तेच मन, तीच जखम, आणि आता वर ही चिंता, की शनिवारी तर बरा झालो होतो, मग पुन्हा असं का?

मूळ ग्रीक शुभवर्तमानांत, म्हणजे प्रभू येशूचं चरित्र सांगणाऱ्या मार्क, लूक, योहान अशांच्या पुस्तकांत, एक क्रियापद आहे, सोझो. माझा ग्रीकचा अभ्यास नाही, पाळकसाहेबांकडून समजून घेतलंय. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीतून येऊन वस्त्राला शिवते, तिला प्रभू म्हणतो, 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे.' हे मार्कमध्ये, पाचव्या अध्यायात. आणि लूकच्या सातव्या अध्यायात परुश्याच्या, म्हणजे एका कडक धर्मनियम पाळणाऱ्या यहुद्याच्या, घरी एक पापी बाई प्रभूचे पाय आसवांनी भिजवते. तिला काही आजार नाही. तिला तो म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे. ग्रीकमध्ये ही दोन्ही वाक्यं अक्षराला अक्षर एकच आहेत. मराठीत आपल्याला दोन शब्द लागले, बरं करणं आणि तारणं. शब्द दोन झाले म्हणून आपण कामंही दोन करून टाकली. देहाचं डॉक्टरकडे, तारणाचं पाळकाकडे. प्रभूने ते असं वाटून दिलेलं नाही.

मी नर्सिंग मिरजेला शिकले. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं ते मिशन हॉस्पिटल. आमच्या सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या किती घरांत अजून म्हणतात, 'मिरजेला नेलं म्हणून वाचला.' त्या काळी कुर्डुवाडीहून बार्शी लाईटची ती छोटी गाडी पंढरपूरवरून मिरजेला जायची. इतकी सावकाश, की माझे वडील म्हणायचे, पेशंट गाडीतच बरा होऊन परत येईल. (हशा) तिथे मी शिकले, की ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करायची आणि प्रार्थना झाली की हात कोपरापर्यंत घासून धुवायचे. दोन्ही. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, प्रेषित पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. जन्मांधाला बरं करताना प्रभूने थुंकीने माती कालवून डोळ्यांना लावली आणि शिलोहाच्या तळ्यावर धुऊन यायला पाठवलं. नुसत्या शब्दाने झालं नसतं का? झालं असतं. तरी त्याने चिखल कालवला.

हे एवढं लांबवून का सांगतेय, ते आता सांगते.

माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या गेल्या. चार वर्षं डायलिसिस चाललं, आठवड्यातून दोनदा. इथे बरेच जण नवीन असतील म्हणून सांगते, डायलिसिससाठी हातात फिस्टुला करतात. मनगटाजवळ रोहिणी आणि शीर एकमेकींना जोडून देतात, म्हणजे शीर फुगते आणि सुई घालता येते. त्या जागी बोट ठेवलं की आत थरथर लागते. मांजर मांडीवर बसून गुरगुरतं ना, अगदी तशी. ती थरथर लागली म्हणजे फिस्टुला चालू आहे. रोज रात्री दिवा मालवण्याआधी मी त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची. ते विचारायचे, 'चालू आहे का गिरणी?' मी म्हणायची, 'चालू आहे.' मग झोपायचो. चार वर्षं आमची रात्रीची प्रार्थना हीच होती म्हणा ना.

त्या काळात गावाबाहेर मोठा मांडव पडला. आरोग्यसभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायची सभा. बाहेरून एक प्रचारक आले होते. त्यांचं नाव मी घेणार नाही, ते आपल्या कुठल्या मंडळीचेही नव्हते. नात्यातल्या माणसांनी आग्रह केला, म्हणून आम्ही गेलो. यजमानांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, मनापासून केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, 'आता मशीन बंद करा. मशीन चालू ठेवलंत तर तुमचा विश्वास मशीनवर, प्रभूवर नाही.' मी नर्स आहे. मशीन बंद केलं तर किती दिवसांत काय होतं हे मला तासांच्या हिशेबात ठाऊक होतं. आम्ही मशीन बंद केलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

दफन झालं. तिसऱ्या दिवशी, घरात अजून माणसं बसलेली, त्या सभेच्या गटातल्या एक बाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या. माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, 'ताई, विश्वास थोडा कमी पडला.'

एवढंच बोलल्या. चहा पिऊन गेल्या.

दोन वर्षं ते वाक्य माझ्या कानात होतं. ड्यूटीवर जात होते. इंजेक्शन चुकवलं नाही, सलाईन चुकवलं नाही, रविवारी चर्चला मागच्या बाकावर बसत होते. कोणी विचारलं तर 'बरंय'. पण रात्री दिवा मालवायच्या वेळी दोन बोटं आपोआप पुढे जायची आणि चादरीवर पडायची. मग वाटायचं, मी त्या दिवशी मांडवातून घरी येऊन मशीनला नाही म्हटलं असतं तर? मला पक्कं माहीत होतं की तसं केलं असतं तर ते आठ-पंधरा दिवसांत गेले असते. डोक्याला माहीत होतं. पण दुखणं डोक्याचं ऐकतं कुठे!

माझे वडील गिरणीत साळ खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागात एका शेडमध्ये माग चालवायचे. लहानपणी मी डबा घेऊन जायची. त्या खडखडाटात ते माझ्या कानाशी तोंड आणून शिकवायचे. इथे साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेली माणसं बसलीत, चुकलं तर सांगा. धोट्यातला आडवा दोरा, बाणा, तो तुटला की माग आपोआप थांबतो. तिथे तशी खटकीच असते. पण ताण्याची उभी तार तुटली तर त्या जुन्या साच्यांवर माग थांबत नाही. चालतच राहतो. कापड पुढे सरकत राहतं, आणि त्या एका तारेच्या जागी रेघ पडत जाते. लांबून दिसत नाही. हातभर, दोन हात, दहा हात. विणणाऱ्याचा डोळा तिथे गेला तरच तो माग थांबवतो, तार गाठतो, फणीतून ओवून घेतो. वडील म्हणायचे, 'थांबलेल्या मागाची भीती नाही पोरी. चालत्या मागाकडं बघत राहायचं.'

दुःख म्हणजे बाण्याचा दोरा तुटणं. ते माणसाला थांबवतं आणि सगळ्यांना दिसतं, लोक धावून येतात, पिठलं-भाकरी आणतात. अपराधीपण ताण्याच्या तारेसारखं. माझा माग दोन वर्षं चालूच होता.

माझ्या शेजारी तेव्हा एक मावशी राहायच्या. विधवा, शिक्षण दुसरी का तिसरी, गिरणीत वायंडिंग खात्यात उभं आयुष्य गेलेलं. एका गुरुवारी चार वाजता त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. 'काय करलालीस गं?' मी म्हटलं, काही नाही मावशी, तांदूळ निवडतेय. 'दे अर्धं हिकडं.' बसल्या आणि निवडायला लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. ना वचन, ना समाधान. तांदूळ झाले, चहा झाला, गेल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा चार वाजता. मग दर गुरुवारी. कधी शेंगा सोलल्या, कधी मिरच्यांची देठं काढली. मी मनात म्हणायची, आज विचारतील, आज काहीतरी बोलतील. चार-पाच महिने त्यांनी काही विचारलं नाही. आयुष्यात कितीतरी समुपदेशनाची शिबिरं केली मी, प्रमाणपत्रं आहेत. त्या चार महिन्यांएवढं कुणी शिकवलं नाही.

एक दिवस त्यांची नजर खाटेवरच्या चादरीवर गेली. यजमानांची चादर, आपली सोलापुरीच, मोराची नक्षी. मधोमध विरून गेली होती आणि मी ती कोणाला हात लावू देत नव्हते. मावशींनी ती मांडीवर घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, 'फाटली न्हाई, ह्या तारंची जागा उसवलीय. वेळीच कुणी बघितलं न्हाई.' सुई-दोरा मागून घेतला. रफू करता करता म्हणाल्या, 'मला दिसत न्हाई नीट. शास्त्र वाचून दाखीव. चालू कुठवर आलंय तुझं?'

माझं कुठेच चालू नव्हतं. दोन वर्षांत मी पुस्तक उघडलं नव्हतं. लाज वाटली, म्हणून हाताला लागलं तिथे उघडलं. मार्क, दुसरा अध्याय. कफर्णहूमचं घर, दाराशीही जागा नाही एवढी गर्दी, आणि चौघांनी पक्षाघाती माणसाला बाजेवर उचलून आणलेला. मी आपली वाचत गेले. छप्पर उसकटलं, बाज खाली सोडली. 'येशूने त्यांचा विश्वास पाहून...'

मावशींची सुई थांबली. 'परत वाच.'

मी वाचलं. 'त्यांचा विश्वास पाहून.'

'कुणाचा इस्वास? त्याचा?'

मी पुस्तक जवळ धरून बघितलं. अक्षरावर टिंब होतं. म्हटलं, 'नाही मावशी. त्यांचा.'

'म्हंजे उचलणाऱ्यांचा.'

'हो.'

'मग त्या खाटंवरच्याचा किती होता ते कुणी मोजलंच न्हाई की,' असं म्हणून मावशी परत रफू करायला लागल्या.

मंडळी, मी तो अध्याय संडे स्कूलपासून शेकडो वेळा वाचलाय, पाठ आहे. फ्लॅनेलच्या पाटीवर बाज चिकटवून मुलांना शिकवलाय. ते टिंब मला कधी दिसलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी दोन वर्षांत पहिल्यांदा हमसून रडले. मावशींनी गप्प केलं नाही. चादर बाजूला ठेवली आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, 'तुझा कमी पडला असंल. माझा होता की.'

(थोडा वेळ शांतता)

मला पाणी द्या जरा.

मूळ ग्रीकमध्येही तिथे अनेकवचनच आहे, मी नंतर पाळकसाहेबांकडून खात्री करून घेतली. कोणी म्हणेल, 'त्यांचा' म्हणजे चौघे आणि आजारी, पाचही जणांचा. म्हणू दे. तरी त्याचा एकट्याचा नाही, एवढं तर ठरलं? आणि प्रभूने पहिल्यांदा काय केलं, तर 'मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' असं म्हटलं. पाय नंतर. आधी आतली तार गाठली.

याच्या शेजारी योहानाचा पाचवा अध्याय ठेवून बघा. यरुशलेमचं बेथेस्दा तळं. सोलापूरच्या माणसाला तळ्याकाठी बसणं म्हणजे काय ते सांगायला नको, पण त्या काठावर अडतीस वर्षं आजारी असलेला एक माणूस पडून आहे. प्रभू विचारतो, 'तुला बरे होण्याची इच्छा आहे काय?' तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तो म्हणतो, पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला माझ्याजवळ कोणी माणूस नाही. अडतीस वर्षांचा सगळा आजार त्या एका वाक्यात आहे, कोणी माणूस नाही. कफर्णहूमच्या माणसाला चौघं होते. बेथेस्दाच्या माणसाला एकही नव्हतं, म्हणून प्रभू स्वतः त्याच्यापर्यंत चालत गेला. दोन्ही ठिकाणी शब्द मात्र तोच, आपली बाज उचल आणि चाल.

पस्तीस मिनिटं झाली अशी चिठ्ठी आलीय. दहा मिनिटांत चार मुद्दे. मुद्दे म्हणजे बाजेची चार टोकं. चौघांनी धरलेली. भराभर सांगते.

पहिलं टोक विलापाचं. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश रडगाणीच आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारात संपतं, शेवटी आशेचा एक शब्दही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. बाविसाव्याची पहिली ओळ प्रभूने वधस्तंभावर म्हटली, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' त्याने 'बरंय' म्हटलं नाही. तेव्हा घरात कोणी गेलं असेल तर त्या माणसाला लगेच 'आनंद करा' म्हणू नका. त्याच्याबरोबर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा आणि तिथेच थांबा.

दुसरं, कबुली. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात आहे, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि पुढच्याच श्वासात, एकमेकांजवळ आपली पातके कबूल करा आणि निरोगी व्हावे म्हणून एकमेकांसाठी प्रार्थना करा. पुन्हा बघा, एकमेकांजवळ. एकट्याने नाही. पण ज्याच्याजवळ कबूल करायचं तो पोटात ठेवणारा हवा. आपल्या मंडळीत हे कठीण जातं, कारण सकाळी सांगितलेलं दुपारी सात रस्त्याच्या चौकात पोचलेलं असतं. (हशा) हसू नका, यामुळे माणसं आतल्या आत कुजतात. वडील मंडळींनी याचा विचार करावा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

तिसरं, क्षमा. ती तिसऱ्या दिवशी आलेली बाई. मी तिला क्षमा केली का? केली. त्याला सहा वर्षं लागली. अमुक दिवशी केली असं सांगता येत नाही. एकदा माझ्याच वॉर्डात ती भरती झाली, साखर वाढलेली, पायाला जखम. रोज तिचं ड्रेसिंग मी करायची. मधुमेहाची जखम वरून बंद झालेली दिसते आणि आत पू असतो, म्हणून ती आतून बाहेर भरत आणावी लागते, घाई करून चालत नाही. एकविसाव्या दिवशी तिची जखम भरत आली आणि पट्टी बांधताना मला कळलं, की माझ्या कानातलं ते वाक्य बऱ्याच दिवसांत ऐकू आलेलं नाही. तिला मी काही बोलले नाही. 'भग्नहृदयी जनांना तो बरे करतो. तो त्यांच्या जखमांना पट्ट्या बांधतो,' हे एकशे सत्तेचाळिसावं स्तोत्र. पट्टी रोज बदलावी लागते, ते मात्र नर्सलाच कळतं.

इथे पंडिता रमाबाईंबद्दल बरंच बोलायचं होतं. पुण्याला जाताना दौंडच्या पुढे त्यांच्या मुक्ती मिशनचं केडगाव लागतं, खिडकीतून बघा पुढच्या वेळी. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला त्यानंतर आणखी कितीतरी वर्षं लागली. एवढी विद्वान बाई, तिलाही एका दिवसात झालं नाही. त्यांना ऐकू कमी यायचं, डॉक्टर व्हायचा बेत त्यापायीच सोडावा लागला, आणि तेच कान घेऊन त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. यांचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? पौलाने तीनदा विनंती केली, शरीरातला काटा काढ म्हणून. काटा निघाला नाही. उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' आणि पुनरुत्थानानंतर थोमाला प्रभूने काय दाखवलं? हातांवरचे व्रण. मरणातून उठला तरी व्रण पुसले नाहीत त्याने. बरं होणं म्हणजे काहीच झालं नव्हतं असं होणं नाही, एवढं मला त्या व्रणांवरून समजतं.

चौथं टोक भाकरीचं, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या प्रभुभोजनाचं आणि त्याच्याबरोबर मंडळीत एकत्र जेवण्याचं. यावर अर्धा तास बोलायचं होतं. दुसरी चिठ्ठी आलीय. एवढंच सांगते, त्या मांडवात आम्हाला बरं करायला निघालेल्यांपैकी कोणी आम्ही जेवलो का हे विचारलं नाही, आणि मावशींनी पाच महिने काही न विचारता माझ्या घरच्या जेवणाच्या तयारीलाच हात लावला.

मावशी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. ती चादर मी आणलीय. पुढच्या रांगेतून फिरवा, सगळ्यांनी हातात घेऊन बघा. मोराच्या पायाशी रफूची जागा आहे, डोळ्याला दिसणार नाही, बोट फिरवलं की लागेल. अंगठ्या सांभाळा, दोरा अडकतो.

आणि एक काम. सिव्हिल हॉस्पिटलला आणि डायलिसिसच्या पेशंटांच्या घरी आम्ही पाच बायका गुरुवारी चार वाजता जातो. तीन घरं वाढलीत, माणसं पुरत नाहीत. ख्रिस्तीच हवं असं नाही. पुरुष आले तर फारच बरं, कारण काही घरांत उचलायला बाया पुरत नाहीत. तिथे संदेश द्यायचा नाही, विश्वास मोजायचा नाही. तांदूळ निवडता आले पाहिजेत आणि गप्प बसता आलं पाहिजे. ज्यांना जमेल त्यांनी जाताना दाराशी थांबा, मी वही घेऊन उभी आहे.

सलाम.